रेडिएटर कुठाय?

रस्त्यात गाडी बंद पडली की आपल्याकडे दोन गोष्टी आपोआप घडतात. मालक बॉनेट उघडतो आणि आजूबाजूचे लोक पाणी आणायला धावतात. पेट्रोल संपलेलं असो की क्लचची तार तुटलेली असो, पाणी आधी येतं. कोणाला चक्कर आली तरी पाणी, उचकी लागली तरी पाणी, घरात भांडण पेटलं तरी शेजारीण तांब्या घेऊनच आत येते. मग गाडीनंच काय घोडं मारलंय?

या श्रद्धेला पुरून उरणारी एक गाडी आहे. तिला पुढे बॉनेट नाही, कारण पुढे इंजिनच नाही. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होसपाइप नाही. 1947 साली बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्यानं वहीत एक चाकांवरचं खोकं काढलं आणि मार्च 1950 पासून फोक्सवॅगनच्या कारखान्यातून ते खोकं खरोखरच रस्त्यावर येऊ लागलं. तीच ही टाइप टू, म्हणजे जुन्या इंग्रजी सिनेमात फुलाफुलांचे शर्ट घातलेली मंडळी जिच्यातून उतरतात ती व्हॅन. पुढे वेस्टफालिया कंपनीनं तिच्यात पलंग, कपाट, गॅसची शेगडी बसवली आणि तिची कॅम्पर झाली. युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे गोव्यापर्यंत अशा कितीतरी व्हॅन आल्या. आल्या तेवढ्या परत गेल्या नाहीत, हे आपल्याकडच्या शौकिनांचं भाग्य.

आमच्या एका पुणेकर स्नेह्यांकडे त्यातलीच 1969 सालची एक आहे. तिनं किती मालक पाहिले हे ती सांगत नाही आणि कागदपत्रंही नीट सांगत नाहीत. स्नेह्यांचं नाव देऊन उपयोग नाही, कारण व्हॅन घेतल्यापासून त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. आपण त्यांना मालक म्हणू. इंजिन 1584 सीसीचं, अश्वशक्ती 47. त्यावर सव्वा टनाची व्हॅन, मालक, वहिनी, मी, वहिनींनी घेतलेला किराणा आणि मालकांनी घेतलेली हत्यारं. हत्यारांचं वजन किराण्याहून जास्त होतं, यावरून पुढचा अंदाज यायला हरकत नव्हती.

तंजावरला जायचं मालकांनी ठरवलं. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. देऊळ राजराज चोळाचं, 1010 साली पुरं झालेलं. त्याच्या भिंतीवर आपल्या माणसांनी एवढं लांबलचक मराठी लिहिलं आणि कोणी पुसलं नाही, याचं मालकांना फार कौतुक. त्यांच्या सोसायटीत जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीची रेघ दिसली तरी ते सर्वसाधारण सभा बोलावतात.

जायचं ते मे महिन्यात. तमिळनाडूत मेमधल्या या दिवसांना अग्निनक्षत्र म्हणतात. नाव पंचांगातलं आहे, पण हवामान खात्यालाही दुसरं सुचणार नाही.

तिरुचीहून सरळ हमरस्त्यानं आलो असतो तर तासाभरात तंजावरात पोचलो असतो. पण मालकांना कल्लणै बघायचं होतं. कावेरीवरचा हा बंधारा करिकाल चोळानं बांधला असं सांगतात. तो पाणी अडवत नाही, वाटतो. कावेरी, वेण्णार, कोळ्ळिडम आणि कल्लणै कालवा अशा वाटा इथून फुटतात आणि पुढे तंजावरचा सगळा तांदूळ त्या वाटांवर पिकतो. हे ज्ञान आम्ही तिथल्या पाटीवरून घेतलं, फोटो काढले आणि नदीकाठच्या गावरस्त्यानं तिरुवैयारूकडे निघालो. रस्ता सुरेख होता. गावोगाव लोकांनी झोडपणीसाठी भाताचा पेंढा रस्त्यावरच पसरून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी तो तुडवायचा, खालचे दाणे मागाहून गोळा करायचे. फुकटची मळणी. आम्हीही गावोगाव मळणी करत चाललो होतो. मालक तर हॉर्न वाजवून शेतकऱ्यांना हात करत होते.

तिरुवैयारू म्हणजे पाच नद्यांचं गाव. त्यागराजांची समाधी तिथेच. तिथून तंजावरकडे येताना कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टार, वेण्णार आणि वडवार अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. मेट्टूरच्या धरणातून पाणी सुटायची ठरलेली तारीख 12 जून. मेमध्ये पाचही पुलांखाली नुसती वाळू. असा पहिला पूल झाला, दुसरा झाला आणि व्हॅन चढावर दम खायला लागली. मालकांनी गिअर खाली टाकला. तरी दम. मागून टिकटिक ऐकू येऊ लागली आणि तेलाचा दिवा डोळे मिचकावू लागला. या गाडीच्या डॅशबोर्डावर तापमानाचा काटा नाही. एक तेलाचा दिवा, एक डायनॅमोचा दिवा. बाकी सगळा जर्मन विश्वास. मालकांनी गाडी बाजूला घेऊन किल्ली काढली, तरी इंजिन किल्लीशिवायच आणखी चार गचके देऊन मग थांबलं. इंजिन तापून लाल झालं की आतल्या पेट्रोलला ठिणगीचीही गरज उरत नाही.

गर्दी जमायला तंजावरात पुण्याएवढाच वेळ लागतो. पहिल्यांदा एक सायकलवाला थांबला, मग दोन म्हाताऱ्या, मग रिक्षा, मग शेतावरून परतणारा ट्रॅक्टर. प्रत्येकानं आधी व्हॅनच्या पुढच्या बाजूला जाऊन बॉनेट शोधलं. तिथे फक्त कंपनीचं मोठं गोल चिन्ह. काहींनी ते फिरवून पाहिलं. मागून दार उघडलेलं दिसल्यावर सगळे मागे आले, आत डोकावले आणि एकमुखानं म्हणाले, ‘‘रेडिएटर?’’

मालकांनी इंग्रजीत सांगितलं, रेडिएटर नाही. लोकांनी मालकांकडे अशा नजरेनं पाहिलं की बिचाऱ्याचा चोरीला गेलाय आणि याला अजून पत्ता नाही. एक म्हातारी घागर घेऊनच आली होती. तिनं ती इंजिनाकडे नेली आणि वहिनींनी मध्ये पडून ती अक्षरशः हिसकावून घेतली. बरं झालं. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो. म्हातारीला वाटलं, बाईला तहान लागलीय. तिनं प्रेमानं आणखी एक घागर आणली. वहिनींनी ती मात्र निमूट प्यायली.

तेवढ्यात एक हवालदार आले. त्यांनी धूर पाहून आग लागली तर काय, असं विचारलं. मालकांच्या अंगात शिक्षक संचारला. त्यांनी सांगितलं की या इंजिनाचं खोकं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं आहे. ते पेटलं तर पाण्यानं विझत नाही, उलट भडकतं. त्याला कोरडी वाळू लागते. हवालदारांनी शांतपणे पुलाखाली बोट दाखवलं. कोरड्या वाळूची पाच नद्यांत काही टंचाई नव्हती. पण पाणी ओतलं की जास्त पेटणारं इंजिन रस्त्यावर फिरू देतात, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

गर्दीत खरं समजलं ते फक्त रिक्षावाल्याला. त्यानं आपल्या बजाजच्या मागच्या झाकणाकडे बोट दाखवून मान डोलावली. त्याचंही इंजिन मागे, त्यालाही रेडिएटर नाही, त्यालाही पंख्याची हवा. बजाज म्हणजे आपल्या आकुर्डीची, हे आठवून मालकांचा ऊर भरून आला. खरं तर आपल्या रस्त्यावर हवेनं गार होणारी इंजिनं कमी नाहीत. वर्षानुवर्षं चेन्नईच्या तिरुवोट्टियूरला बनलेली बुलेट तीच. फक्त चार चाकं दिसली की आपण लगेच पाणी मागतो. आणखी एक गृहस्थ फोक्सवॅगनचं चिन्ह बघून म्हणाले की पुण्याला चाकणला कारखाना आहे ना, तिथे फोन लावा. चाकणला 2009 पासून गाड्या बनतात, पण सगळ्या पाण्याच्या. तिथल्या तरुण इंजिनियरला हे इंजिन दाखवलं तर तोही आधी रेडिएटरच शोधेल.

रिक्षावाल्यानंच दोर बांधून आम्हाला तंजावरात एका गॅरेजपर्यंत ओढत आणलं. गॅरेज म्हणजे चिंचेच्या झाडाला टेकवलेले चार पत्रे. मेस्त्री पंपसेट, पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस. त्यानं व्हॅनला एक प्रदक्षिणा घातली आणि तमिळमध्ये एक प्रश्न विचारला. प्रश्न आम्हाला आता पाठ झाला होता.

भाषेची अडचण सुटली ती अनपेक्षितपणे. शेजारच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून आले आणि मराठीत म्हणाले, ‘‘कुठून येणं झालं?’’ तंजावरच्या मराठी घराण्यातले होते. व्यंकोजीराजांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत तिथे मराठी राज्य चाललं. त्या काळात दक्षिणेत गेलेली घराणी आजही घरात मराठी बोलतात. त्यांची मराठी कानाला आपली वाटते, पण चालीला तमिळ असते. आम्ही त्यांना रावमामा म्हणू लागलो. मालकांनी तिथल्या तिथे ‘‘म्हणजे तुम्ही आमचेच की!’’ असं उत्साहानं म्हटलं. रावमामा म्हणाले, ‘‘असं इकडे येणारे सगळे म्हणतात. मग शिलालेखाचा फोटो काढतात आणि जातात. गाडी बंद पडल्यामुळे तुम्ही तेवढे थांबलात.’’

रावमामांची नोकरी तिरुचीच्या पोन्मलै रेल्वे कारखान्यात झाली होती. निलगिरीच्या डोंगरावर चढणाऱ्या वाफेच्या गाड्यांची इंजिनं तिथेच दुरुस्त होतात. ज्या माणसाचा जन्म वाफेत, म्हणजे उकळत्या पाण्यात गेला, त्याच्यासमोर आम्ही बिनपाण्याचं इंजिन ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘पाणी नाही, वाफ नाही. मग हे चालतं कशावर, नवसावर?’’

तरी ते आले, रोज आले. येताना फिलर गेज, मायक्रोमीटर आणि डायल गेज घेऊन आले. पोन्मलैची सवय सुटलेली नव्हती.

इंजिन उतरवायला वेळ लागला नाही. या व्हॅनची ही खरी शालीनता. पेट्रोलची नळी, काही तारा आणि ॲक्सिलरेटरची केबल काढली की इंजिन गिअरबॉक्सला चार बोल्टांनी आणि मागे एका आडव्या पट्टीनं धरलेलं राहतं. खाली जॅक लावायचा, बोल्ट सोडायचे, इंजिन मागे ओढून खाली घ्यायचं. वजन शंभर किलोच्या आसपास. तरी जॅकवर ते खाली येताना चहावाल्यानं आम्हाला बजावलं की राजराजानं ऐंशी टनांचा दगड विमानाच्या टोकावर चढवला होता, तेव्हा घाबरू नका. खाली उतरवणाऱ्याला वर चढवण्याची गोष्ट सांगून धीर देणं हे फक्त तंजावरातच सुचू शकतं.

वरचे पत्रे काढले आणि आत भाताचं शेत निघालं. पंख्याच्या घरात पेंढा, सिलिंडरच्या पंखोळ्यांमध्ये फोलकट, त्यावर तेल, तेलावर धूळ. एका कोपऱ्यात चांगले टपोरे दाणेसुद्धा होते. मेस्त्रीनं चिमटीत धरून ते पारखले, जातीचं नाव सांगितलं आणि हातावर चोळून तोंडात टाकले. आमची मळणी वाया गेली नव्हती.

पण पेंढा हे निमित्त होतं. खरा आजार जुना होता. या इंजिनाला जनरेटरच्या दांड्यावर बसवलेला एक पंखा असतो. तो पट्ट्यावर फिरतो आणि इंजिन जोरात असलं की सेकंदाला पाचशे लिटरहून जास्त हवा खेचतो. ती हवा पत्र्याच्या कवचातून चारही सिलिंडरांवर जाते आणि तापून खाली रस्त्यावर निघते. वरची हवा गार, खालची तापलेली. दोघींची गाठ पडू नये म्हणून मध्ये पत्र्यांचा पडदा आणि कडेनं रबराची पट्टी. आमच्या व्हॅनच्या एका जुन्या मालकानं रबर काढून टाकलं होतं, खालचे दोन पत्रे फेकून दिले होते आणि मागच्या दाराला एक पट्टी लावून ते कायमचं अर्धं उघडं ठेवलं होतं. का? हवा खेळावी म्हणून! परिणाम असा की पंखा खालची तापलेली हवाच पुन्हा वर ओढत होता आणि तीच पुन्हा इंजिनावर मारत होता. खिडक्या बंद करून खोलीत शेगडी आणि पंखा एकत्र लावले, तर घरचा माणूसही असाच शिजेल.

रावमामांनी हे मेस्त्रीला समजावून सांगायला सुरुवात केली, पण त्यानं त्यांना मध्येच थांबवलं. पत्र्यांच्या रिकाम्या जागांवर बोट फिरवत तो म्हणाला, ‘‘कात्तुक्कु वाय्क्काल इल्ल.’’ वाऱ्याला पाटच नाहीत. आयुष्यभर कावेरीच्या पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला जर्मन पुस्तक उघडावं लागलं नाही. बांध फुटला की पाणी शेताला मिळत नाही, रानोमाळ होतं. पाणी किती आहे याला अर्थ नाही, ते कुठून वळतं याला आहे. मालक सकाळी कल्लणैवर उभे राहून पाहून आले होते तेच. त्यांच्याकडे फोटोही होता.

पुढची चिरफाड अपेक्षेप्रमाणे. तीन नंबरच्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेनं जळाला होता. हा तीन नंबर या इंजिनाचा जन्मजात दुःखी. 1971 च्या मॉडेलआधी तेल गार करणारी जाळी नेमकी त्याच्या वाटेत बसवलेली असे. म्हणजे बाकीच्यांना ताजी हवा आणि याला तेलाची तापलेली उसासे टाकलेली हवा. एकत्र कुटुंबात ज्याच्या वाट्याला नेहमी शेवटचं पान येतं, त्याची आठवण रावमामांना झाली. ते भावंडांत तिसरे.

मग बरीच मंडळी मोकळेपणानं सुचवू लागली. एकाचं म्हणणं हेड स्वामीमलैला न्या, तिथले स्थपती पंचलोहाच्या मूर्ती ओततात, त्यांना हेड काय जड. दुसऱ्याचं म्हणणं हे इंजिन काढून किर्लोस्करचं पंपाचं इंजिन बसवा. गाडी चालली नाही तर निदान शेत तरी भिजेल. तिसऱ्यानं मालकांना हळूच बाजूला घेऊन विचारलं, व्हॅन जागच्या जागी चहाच्या दुकानाला द्याल का? वहिनींनी भाडं विचारून घेतलं.

हेड लेथवाल्याकडे गेलं, नवे व्हॉल्व्ह आणि 85.5 मिलिमीटरचे सिलिंडर-पिस्टन परदेशातून मागवले. ते येईपर्यंत वहिनी सरस्वती महाल ग्रंथालय पाहून आल्या. तिथल्या एका गोष्टीनं त्या हलल्या. सरफोजीराजांच्या वेळी डोळ्यांच्या रोग्यांचे कागद ठेवत: आजार काय, उपचार काय, आणि सोबत डोळ्याची रंगीत चित्रं. पावणेदोनशे वर्षांहून जुने. परत येऊन त्यांनी मालकांना विचारलं, ‘‘तुमच्या व्हॅनचा कागद कुठाय? टॅपेट शेवटचे कधी बघितले?’’ मालकांनी आठवल्यासारखं केलं. त्या संध्याकाळी गॅरेजच्या पत्र्यावर खडूनं रकाने आखले गेले: माप, असायला हवं किती, आहे किती. रावमामांच्या हाताखाली ते रकाने भरत गेले. मेस्त्रीला हा प्रकार सुरुवातीला अंगठा न मानणाऱ्या माणसांचा वाटला. तो बेअरिंगचा ढिलेपणा बोटानं ओळखायचा. रावमामा मायक्रोमीटर लावायचे. बहुतेक वेळा दोघांचं जमायचं, आणि मग दोघंही थोडे नाराज व्हायचे.

जमलं नाही ते क्रँकच्या बाबतीत. क्रँक पुढे-मागे किती हलावा याला मर्यादा आहे: 0.07 ते 0.13 मिलिमीटर. हे अंतर फ्लायव्हीलच्या मागे तीन पातळ शिम घालून जुळवायचं. शिम वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, पण घालायचे तीनच. मेस्त्री म्हणाला, एक जाड घालू, कटकट संपली. रावमामा म्हणाले, तीन म्हणजे तीन. नाष्ट्याच्या वेळेपासून हा वाद चालला. शेवटी डायल गेजचा काटा 0.10 वर थांबला आणि रावमामांनी पत्र्यावर तो आकडा लिहून खाली आपली सही केली. पोन्मलैची सवय.

त्यानंतर आला तो फ्लायव्हीलचा मधला नट. संपूर्ण इंजिनात याच्याएवढा अहंकारी भाग नाही. हा सुमारे 300 न्यूटन-मीटरनं आवळावा लागतो, नाही तर फ्लायव्हील ढिलं होऊन क्रँकचं वाटोळं करतं. एवढा मोठा टॉर्क रेंच गॅरेजमध्ये नव्हता आणि आसपास मिळेना. रावमामांनी खडू उचलला आणि हिशेब मांडला. पान्यात पाइप घालायचा. नटापासून अर्ध्या मीटरवर साठ किलोचा माणूस पाइपवर उभा करायचा. पाइप आडवा असला की भार बरोबर तेवढाच पडतो. गणित शाळेतलं, फक्त साठ किलोचा माणूस हवा.

शेजारच्या धान्याच्या दुकानातून वजनकाटा आला. सगळी गर्दी रांगेत. चहावाला भरला बहात्तर. हवालदार, जे आता रोज येत होते, त्यांनी काट्यावर पाय ठेवला आणि आकडा वाचू दिला नाही. चहाच्या दुकानातला पोऱ्या पंचेचाळीस. वहिनींकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. तंजावरचे लोक सुसंस्कृत. शेवटी रिक्षावाला भरला अठ्ठावन्न. दुकानदारानं दोन किलो पोन्नी तांदळाची पिशवी त्याच्या हातात दिली आणि साठ पुरे झाले. रिक्षावाला मेस्त्रीच्या खांद्याला न धरता, पिशवी छातीशी धरून, पाइपच्या खुणेवर उभा राहिला. पाइप सावकाश खाली गेला आणि थांबला. रावमामांनी आकडा पत्र्यावर लिहिला. शेऱ्यात लिहिलं: तांदळासह.

हेडचे नट मात्र फुलासारखे आवळावे लागतात, याचं मेस्त्रीला फार आश्चर्य वाटलं. ते दहा मिलिमीटरचे नट फक्त 32 न्यूटन-मीटर मागतात. जोर केला तर मॅग्नेशियमच्या खोक्यातून स्टडच आट्यांसकट उपटून येतात. आधीच्या कोणीतरी पैलवानानं दोन उपटलेही होते. तिथे पोलादी बुश बसवले. ट्रॅक्टरवर वाढलेल्या हातांना एवढा हलका पाना धरणं ही शिक्षाच. प्रत्येक नटाला मेस्त्री दीर्घ श्वास घेऊन थांबायचा.

वाऱ्याचे पाट पुन्हा बांधायचं काम राहिलं. हरवलेले पत्रे परदेशातून मागवायचे तर आणखी वाट बघावी लागली असती. पलीकडच्या गल्लीतल्या पत्रेवाल्यानं मापं घेऊन पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांतून ते ठोकून दिले. एका पत्र्यावर तेलाच्या कंपनीचं सूर्यफूल शाबूत राहिलं. त्याचा चुलतभाऊ तंजावरची नक्षीची तबकं ठोकणारा होता. त्यानं मोर काढून देऊ का, असं विचारलं. मालक तयार होते. वहिनींनी विषय तिथेच संपवला. रबराची पट्टी बसच्या दाराच्या बीडिंगमधून निघाली. पट्टा पंपाच्या दुकानात नंबर सांगून मिळाला. दार अर्धं उघडं ठेवणारी जुनी पट्टी मेस्त्रीनं स्वतः काढली आणि झाडाच्या बुंध्याशी फेकली. आता ती चिंचेच्या फांदीवर ओले फडके वाळवायला वापरतात.

अडीच लिटर तेल ओतलं. एवढंच तेल, कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी. हवेचं इंजिन म्हणतात खरं, पण गार करण्याचं बरंच काम हे तेलच करतं, म्हणून ते वेळेवर बदलायचं. किल्ली फिरवली. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. शिवणयंत्राला लाजवणारी ती खरखर तंजावरच्या गल्लीत पहिल्यांदाच घुमली असावी. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. रावमामांनी मागे हात धरून खालून निघणारी हवा तपासली, मग वरच्या जाळीतून आत जाणारी. खालची चटका देणारी, वरची साधी. दोघींची गाठ पडत नव्हती. ‘‘चालतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण वाफेची मजा नाही.’’

शिलालेखही पाहिला. लांब आहे. मालकांनी एक ओळ वाचली, फोटो काढला आणि ऊन लागतंय म्हणून सावलीत बसले. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं गाइड सांगत होता. मालक तेवढा वेळ तिच्यातच बसले होते.

हिशेब करायला बसलो तेव्हा मेस्त्रीनं आपली मजुरी पत्र्यावरच, रकान्यांच्या खाली लिहिली. रावमामा एक पैसा घेईनात. वहिनींनी त्यांना आपल्या हातचे पोहे केले. त्यांनी चवीनं खाल्ले आणि यात सांबार असतं तर बरं झालं असतं असं म्हणाले. तीनशे वर्षांत माणसं एवढी बदलायचीच.

या जातीचं इंजिन फोक्सवॅगन आता बनवत नाही. बीटल 2003 साली मेक्सिकोत थांबली, ब्राझीलच्या व्हॅनला 2005 च्या अखेरीस रेडिएटर लागला आणि 2013 साली तीही बंद झाली. पण जी उरलीत ती चालतील, अट एकच. यांना जास्त हवा नको, वळवलेली हवा हवी. तेव्हा तुमच्याकडे अशी गाडी असेल किंवा अशी गाडी असलेला नातेवाईक असेल, तर एवढं करा. पत्रे सगळे जागेवर आहेत ना पाहा. रबर फाटलं असेल तर बदला. हवा खेळावी म्हणून मागचं दार उघडं टाकू नका. पट्टा दाबून बघा. पेंढा पसरलेल्या रस्त्यावरून आलात तर थांबून आत हात घाला. गरम सायलेन्सरवर सुका पेंढा म्हणजे होळीच. आणि टॅपेट दर 5,000 किलोमीटरला 0.15 मिलिमीटरवर लावा, इंजिन पूर्ण गार असताना. मे महिन्यात तंजावरात गार म्हणजे पहाटे सहाच्या आत.